एक तारखेची सही

वसुंधरा ताम्हणे दर अकरा महिन्यांनी दोन दिवस कुणीच नसायची.

म्हणजे बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या आपल्या घरी ती असायचीच. कुकर लावायची, ध्रुवला हाका मारून उठवायची, सासऱ्यांच्या गोळ्या वाटीत काढून ठेवायची. पण ज्या हरिवल्लभ सार्वजनिक दवाखान्याच्या रक्तपेढीत तिचं आयुष्य चाललं होतं, तिथल्या कागदांवर त्या दोन दिवसांत वसुंधरा ताम्हणे नावाची बाई भूतलावर नसे. याला ब्रेक म्हणतात. आता हा काय प्रकार आहे ते आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, एवढ्याशा सहीवरून केवढा हा गहजब!

दवाखाना जुना, कुणा एका शेठच्या ट्रस्टचा. सरकारचं अनुदान होतं तोवर तिथे लागलेला माणूस तिथूनच निवृत्त व्हायचा आणि शाल-श्रीफळ घेऊन घरी यायचा. मग अनुदान आटलं. वरून सांगणं आलं, आपल्या पायावर उभे राहा. दवाखान्याने उभं राहायचं तर कुणाच्या पायावर पाय द्यायचा, हे मात्र कुणी सांगितलं नाही. भागीदारी आली. इमारत ट्रस्टची, यंत्रं एका कंपनीची आणि माणसं एका एजन्सीची. एजन्सी माणसाला अकरा महिन्यांची ऑर्डर देते. अकरा संपले की गळ्यातलं कार्ड जमा करायचं, दोन दिवस घरी बसायचं, तिसऱ्या दिवशी नवी ऑर्डर. का? तर सलग नोकरी झाली की माणूस उद्या कोर्टात जाऊन म्हणेल, मी इथला कायमचा. तसं कुणी म्हणू नये म्हणून हे दोन दिवसांचं सोवळं.

वसुंधराच्या अशा नऊ ऑर्डरी झाल्या होत्या. तोच फ्रीज, तेच सूक्ष्मदर्शक, तीच डुगडुगणारी खुर्ची, जिच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी तिनेच घातली होती. सगळं जुनं, फक्त ती दर वेळी नवी. नव्या फॉर्मवर अनुभवाच्या रकान्यात लिहायचं, अकरा महिने. पहिल्या दोन-तीन वेळा तिला याचं हसू यायचं. त्रेचाळिसावं लागलं तसं ते बंद झालं. या वयात दुसरीकडे आपल्याला कोण उभं करणार? दहावी ऑर्डर आलीच नाही तर काय, या प्रश्नापाशी ती थबकायची आणि उठून कशाला तरी लागायची.

ब्रेकमध्ये घरात वालाचं बिरडं व्हायचं, हे मात्र ठरलेलं. कडवे वाल भिजवा, मोड आणा, मग एकेक दाणा सोलत बसा, एवढी सवड एरवी कुणाला आहे! ध्रुव म्हणायचा, "एजन्सीचे उपकारच म्हणायचे, म्हणून वर्षातनं एकदा बिरडं तरी मिळतं." बारावीतला पोरगा, जीभ कात्रीसारखी.

तर फेब्रुवारीची एक तारीख, दुपारचे दोन. परातीत कोमट पाण्यात वाल, वसुंधराची बोटं भिजून सुरकुतलेली, आणि फोन वाजला. पलीकडे रणवीर होता, रक्तपेढीतला दुसरा टेक्निशियन, नोकरीला जेमतेम आठ महिने झालेला. पूर्वी एका पाळीत तिघं असायची. आता एक.

"वसुंधराबेन, तुम्ही कुठे आहात?" त्याचा आवाज चिरकत होता. "एक बाई आहे. डिलिव्हरी झाली, रक्त थांबत नाहीये. बी पॉझिटिव्ह. आपल्या पाच पिशव्या लावून बघितल्या, एक जुळेल तर शपथ!"

"कितवं बाळंतपण?"

"चौथं."

वसुंधराने परात बाजूला सरकवली. गट एकच असला तरी कधी कधी आधीच्या बाळंतपणांमुळे बाईच्या रक्तात असं काही तयार होतं की ते परकं रक्त चालू देत नाही. मग एकेक पिशवी घेऊन जुळवून बघावी लागते. ते बघायला नजर लागते, आणि नजर काही आठ महिन्यांत येत नाही.

"डॉक्टर?"

"फोनवर आहेत. आज ते आणंदला असतात. बेन, मी काय करू?"

"काही करू नकोस. राहिलेल्या पिशव्या बाहेर काढून ठेव. मी आले."

पदराला हात पुसत ती चप्पल शोधू लागली, तेव्हा झोपाळ्यावरून अप्पांनी मान वर केली. अप्पा म्हणजे दत्तात्रेय ताम्हणे, तिचे सासरे, वय एक्क्याऐंशी, सरकारी हिशेब तपासणीच्या कचेरीतून निवृत्त.

"कुठे निघालीस? आज तर तुझा तो..."

"अप्पा, बाई मरेल हो तिकडे."

"मग उभी काय आहेस? जा की!"

स्कूटरवर पंधरा मिनिटं. फाटकावरचा गुणवंत तिला नऊ ऑर्डरींपासून ओळखत होता, पण नियम तो नियम. "बेन, कार्ड?"

"कार्ड काल तूच जमा करून घेतलंस ना रे!"

गुणवंतने डोकं खाजवलं आणि पेशंटच्या नातेवाइकांना देतात तो हिरवा पास तिच्या हातात ठेवला. मुलाकाती, असं त्यावर गुजरातीत छापलेलं होतं. भेटायला आलेली. ज्या खोलीत तिचा स्वतःचा डबा ठेवायचा खण होता, त्या खोलीत ती मुलाकाती म्हणून शिरली.

दारातच एक माणूस रक्ताच्या मागणीचा कागद दोन्ही हातांत धरून उभा होता. तिशीतला, वाडी मोहल्ल्यात गाद्या-रजया भरणारा कनुभाई. हे तिला नंतर कळलं. तेव्हा तिला फक्त त्याच्या केसांतला आणि भुवयांतला कापूस दिसला. कामावरून तसाच धावत आला होता बिचारा. "बेन, मळी जशे ने?" मिळेल ना, मिळेल ना, एवढंच त्याचं चाललं होतं.

वसुंधराने मास्क चढवला, हातमोजे ओढले आणि त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "गभराशो नहीं, भाई. हुं छुं ने."

घाबरू नका, मी आहे ना. बोलून गेली. दिवसातनं दहा वेळा असं कुणाला ना कुणाला म्हणायचीच ती.

पुढचा दीड तास तिने मान वर केली नाही. सहावी पिशवी नाही. सातवी नाही. आठव्या वेळी रणवीर उभ्याउभ्या देवाचं नाव घ्यायला लागला, तेव्हा ती खेकसली, "देवाला नंतर, आधी मला ती नळी दे." नववी जुळली. अकरावी जुळली. नर्स पिशव्या घेऊन पळाली, आणि मग वसुंधराने ती डुगडुगणारी खुर्ची ओढून बसकण मारली.

बसल्या बसल्या रजिस्टर ओढलं. पेशंटचं नाव, पिशव्यांचे नंबर, जुळणी योग्य, खाली सही. सहीखाली तारीख, 1 फेब्रुवारी. तारखेपुढे वेळ, 3.50.

इथे ताम्हण्यांचं एक खूळ सांगायला हवं. अप्पांचे वडील राजवाड्याच्या खासगी कचेरीत होते, गायकवाडांच्या वेळचे. त्यांनी घराला एक शिस्त लावून ठेवली होती. सही म्हणजे माणूस तिथे हजर होता याची साक्ष. तिच्याखाली खरी तारीख आणि वेळ नसेल तर ती सही नव्हे, नक्षीकाम! अप्पांनी हे इतकं मनावर घेतलं की वसुंधराच्या लग्नाच्या याद्या झाल्या तेव्हा तिच्या वडिलांनी नुसती सही केली म्हणून कागद परत पाठवला होता. तिच्या माहेरी अजून यावरून हसतात. आता कुरिअरवाला पोरगा फोन पुढे करतो, बोटाने सही करा म्हणतो, तर अप्पा त्या एवढ्याशा काचेवर बोटाने तारीख लिहू बघतात आणि पोरगा कपाळाला हात लावतो. अठरा वर्षं त्या घरात काढल्यावर वसुंधराचा हातही तसाच वळला होता. दुसरं कुणी असतं तर त्या दिवशी सही करताना हजारदा विचार करतं, किंवा रणवीरला म्हणतं, तू ठोक. वसुंधराला हे सुचलंच नाही. काम तिने केलं होतं, तारीख एक होती, झालं.

घरी येऊन तिने उरलेले वाल सोलले. बिरडं झकास झालं.

तीन तारखेला ती नवी ऑर्डर आणायला निजामपुऱ्यात एजन्सीच्या ऑफिसात गेली. एका कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर, खाली मोबाईलची दुकानं, वर एसी. तिथे कुशल बसायचा. मराठी घरातला, सत्तावीस-अठ्ठावीसचा, केस चोपून बसवलेले. एरवी तो ऑर्डर काढून तयार ठेवायचा. आज त्याने आधी खुर्ची दिली, मग पाणी दिलं. पाणी आलं तशी वसुंधराला शंका आली.

"ताई, हे काय करून ठेवलंत?" त्याने एक छापील कागद पुढे सरकवला. रक्तपेढीच्या रजिस्टरचं पान. रोज संध्याकाळी त्याचा फोटो एजन्सीकडे जातो, हे तिला माहीत होतं. खालच्या ओळीवर पिवळा पट्टा मारलेला. तिची सही, 1 फेब्रुवारी, 3.50.

"बाई मरत होती, कुशल."

"ते बरोबर आहे. पण ताई, तुम्ही त्या दिवशी नव्हताच ना!"

"नव्हते कशी? ही काय सही!"

"तीच तर पंचाईत आहे." कुशलने खुर्ची पुढे घेतली. "ब्रेकमध्ये काम केलं असं कागदावर आलं की ब्रेक राहत नाही. उद्या तुम्ही, परवा बाकीचे दोनशे जण. वरचे हादरलेत. त्यांचं म्हणणं असं, की ते पान नव्याने लिहायचं. त्या ओळीवर रणवीर सही करेल. आणि तुम्ही एक पत्र द्यायचं, की एक तारखेला मी घरीच होते. पत्रावर तारीखही एकचीच टाकायची."

"आणि नाही दिलं तर?"

"तर सिस्टिम ऑर्डर काढणार नाही."

"सिस्टिमला म्हणावं, दोन पिशव्यांनी एक बाई वाचली."

"ते सिस्टिममध्ये नाही ना, ताई," कुशल म्हणाला, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "माझ्यावर चिडू नका. माझीही ऑर्डर अकरा महिन्यांचीच आहे. उद्या अकरापर्यंत आणा पत्र, मी सांभाळून घेतो."

त्याच्या थोबाडीत मारावी असं तिला वाटलं, आणि लगेच त्याची कीवही आली. ती कागद पर्समध्ये कोंबून उठली. पाणी तसंच राहिलं.

घरी अप्पांनी तो कागद भिंग लावून दोनदा वाचला. वसुंधराला वाटलं, आता संतापतील. पण अप्पांचा चेहरा कितीतरी वर्षांत नव्हता असा उजळला.

"अगं, हे सोनं आहे सोनं! तारीख आहे, वेळ आहे. तू ब्रेकमध्ये काम केलंस आणि त्यांनी ते करून घेतलं, त्याचा हा लेखी पुरावा. म्हणजे ब्रेक खोटा. हा खोटा तर मागचे सगळे खोटे! आणि शहाण्यांनी तो आपल्या हाताने छापून तुला दिला?" अप्पा चक्क टाळी देण्यासाठी हात पुढे करून बसले. "मजूर अदालतीत अर्ज करायचा. मसुदा मी करतो. चौतीस वर्षं मी हेच केलं. लोकांच्या कागदातली खोटी तारीख शोधून काढली."

वसुंधराने टाळी दिली. खरं सांगायचं तर तिलाही क्षणभर वाटलं, का नाही? आपण चोरी केलेली नाही. दुसऱ्या कुणाच्या जागी नाही, आपल्याच खुर्चीवर बसलो होतो.

संध्याकाळी देवेंद्र आला. वसुंधराचा नवरा. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात कायम होता, एक दिवस कंपनीने कायम असलेल्यांनाच घरी बसवलं. आता तो पाणी शुद्ध करायच्या यंत्रांच्या दुरुस्तीला घरोघर जातो. कुठे जायचं ते फोन सांगतो, आणि काम कसं झालं ते गिऱ्हाईक तारे देऊन ठरवतं. शर्टाच्या बाह्या ओल्या, पाठीला अवजारांची पिशवी. त्याने सगळं ऐकून घेतलं, कागद बघितला, आणि अप्पांचा अर्धा लिहिलेला मसुदाही बघितला.

"अप्पा, आमच्या खात्यातल्या चौदा जणांनी केस केली होती, आठवतं? त्यांचंही खरंच होतं. अजून तारखा पडतायत. दोघांच्या तारखांना आता त्यांच्या बायका जातात."

"म्हणून माणसाने खोटं लिहून द्यायचं?" अप्पा कडाडले. "या घरात? माझ्या वडिलांनी दिवाणसाहेबांसमोर मागची तारीख घालायला नकार दिला होता!"

"आजोबांना काढलं का मग?"

"काढतील कसे? अशी तडकाफडकी माणसं काढायची रीत नव्हती तेव्हा."

"तेच म्हणतोय मी, अप्पा." देवेंद्रचा आवाज चढला नाही, आणि म्हणूनच तो ऐकवत नव्हता. "तुम्हाला कधी कुणी सांगितलं का, की खरी तारीख घातलीत तर उद्या येऊ नका? घरात दर महिन्याला न चुकता येतं ते तुमचं पेन्शन आणि हिचा पगार. माझं तर आज तारे मिळाले तर उद्या काम. पेन्शन तुमच्याबरोबर जाणार. मग काय?"

"देवेंद्र! बोलतोयस कुणाशी?" वसुंधरा ओरडली.

अप्पांनी भिंग डबीत घातलं, डबी बंद केली आणि झोपाळ्याची कडी धरून बसून राहिले. जेवायलाही उठले नाहीत. ध्रुवने ताट नेऊन दिलं, ते तसंच परत आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसुंधरा चहा घेऊन गेली तर अप्पा आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून टेबलाशी बसलेले. पुढे एक कागद. गुजरातीत, त्यांच्या त्या टपोऱ्या कचेरीच्या अक्षरात, समास सोडून लिहिलेलं पत्र.

"मसुदा झालाय," ते म्हणाले.

ती वाचू लागली. सविनय निवेदन, वगैरे. आणि मग, की दिनांक 1 रोजी मी दिवसभर माझ्या राहत्या घरी असून रुग्णालयाच्या आवारात कोणत्याही कारणास्तव उपस्थित नव्हते. वसुंधराला कळेचना की हे अप्पांनी लिहिलंय. तिने पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"कोणत्याही कारणास्तव, असं मुद्दाम घातलंय," अप्पा तिच्याकडे न बघता म्हणाले. "त्याने वाक्य पक्कं होतं. नाहीतर उद्या फाटे फोडतील."

"अप्पा, नको. मी जाते, सांगते त्यांना, काय व्हायचं ते होऊ दे. अशाने मला काही मेलं बरं वाटणार नाही."

"ध्रुवची बारावी आहे. सही कर." त्यांनी स्वतःचं पेन टोपण काढून पुढे धरलं. "आणि खाली तारीख... तारीख एकची घाल. वेळ घालू नकोस."

वसुंधराने सही केली. एकचा आकडा काढताना तिला ढळाढळा रडू आलं. रागाचं होतं की लाजेचं, तिला सांगता आलं नसतं. अप्पांनी कागद टिपून घेतला, घडी घातली, पाकिटात ठेवला, पाकीट तिला दिलं. मग चहा प्यायले. वसुंधरा साखर घालायला विसरली होती, तरी कप रिकामा केला.

कुशल खूश झाला. "वा, कुणी लिहून दिलं हो? आमच्या वकिलाला असं जमत नाही." दहावी ऑर्डर बरोब्बर तीन मिनिटांत निघाली. कार्ड मिळालं. फोटो तोच, जुना, नऊ ऑर्डरींपूर्वीचा.

मग राहिलं रजिस्टरचं पान. त्या पानावर वरच्या बाजूला एकतीस तारखेच्याही तिच्याच नोंदी होत्या, म्हणून पान तिनेच नव्याने उतरवायचं होतं. ती उतरवत गेली. एकतीसच्या सात नोंदी, सात सह्या, सात वेळा तारीख आणि वेळ. मग ती ओळ आली. पेशंटचं नाव आणि पिशव्यांचे नंबर रणवीरने स्वतःच्या हाताने लिहायचे म्हणून तिने ओळ कोरी सोडली आणि रजिस्टर त्याच्याकडे सरकवलं.

रणवीरने पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं. "बेन, मला तर ते जुळवताही येत नव्हतं."

"शिकशील. लिही."

त्याने लिहिलं. सही केली. तारीख घालायला विसरला, आणि वसुंधराच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "तारीख घाल रे." जीभ चावली तिने. रणवीरने तारीख घातली.

दोन दिवस गेले. सहा तारखेला दुपारी रक्तपेढीच्या दारात कनुभाई उभा. आज केसांत कापूस नव्हता, तेल होतं. हातात जलेबीचा पुडा. बडोद्यात मुलगी झाली की जलेबी वाटतात. चौथी मुलगी, तरी हा गडी हसत होता.

"रणवीरभाई आपण?" त्याने रणवीरचे दोन्ही हात धरले. "काउंटरवर विचारलं, त्यांनी कॉम्प्युटरमध्ये बघून तुमचं नाव सांगितलं. भाई, माझं घर तुम्ही राखलंत." त्याने जलेबीचा तुकडा रणवीरच्या तोंडाशी नेला. रणवीरने तोंडात घेतला, चावला नाही, आणि "सॅम्पल आहे" असं काहीसं पुटपुटत ट्रे उचलून बाहेर पळाला.

कनुभाई मात्र गेला नाही. तो वसुंधराकडे बघत होता.

"बेन, पण त्या दिवशी इथे एक बेन पण होत्या. तोंडाला मास्क होता, चेहरा नाही बघितला. मी घाबरलो होतो, माझे पाय चालत नव्हते, तर त्या म्हणाल्या, हुं छुं ने. त्यांनी म्हटलं आणि माझा जीव खाली बसला, बेन. बाकी मला काही आठवत नाही, तेवढंच आठवतं." तो जरा पुढे आला. "आवाज अगदी तुमच्यासारखा. ते तुम्हीच ना?"

वसुंधराच्या गळ्यात नवं कार्ड लटकत होतं. तिने ते मुठीत धरलं.

खोलीत कुणी नव्हतं. हो म्हटलं असतं तर काय झालं असतं? पण हा भला माणूस. आनंदाने नाचत बाहेर जाईल, काउंटरवर सांगेल, गुणवंतला सांगेल, सगळ्या दवाखान्याला जलेबी वाटत सांगेल, तुमच्या कॉम्प्युटरचं चुकलंय, ती तर ही बेन! तिला ते सगळं समोर दिसलं, आणि अप्पांचं टपोरं अक्षरही दिसलं.

"नाही, भाई," ती म्हणाली. "त्या दिवशी मी नव्हते."

"एम? असं होय?" कनुभाईचा चेहरा उतरला. "मग त्यांचं नाव तरी सांगा. काय आहे, आज छोकरीची छठ्ठी. आमच्यात नाव फोई, म्हणजे आत्या ठेवते. पण माझी बहीण म्हणाली, यावेळी मी नाही शोधत. ज्या बेनने रक्त शोधलं तिचंच नाव ठेवायचं, जा, विचारून ये." तो हसला. "छोकरीचं नाव रणवीर कसं ठेवू?"

वसुंधरालाही हसावं लागलं. हसता हसता तिने वळून फ्रीजचं दार उगाचच उघडलं. आतल्या पिशव्या मोजल्यासारखं केलं. चार, पाच, सहा. गार हवा तोंडावर आली.

"मला नाही माहीत त्यांचं नाव," ती फ्रीजकडे बघत म्हणाली.

"तुम्ही तर इथेच काम करता ना, बेन? किती वर्षं आहात?"

"मी नवीन आहे. चार तारखेपासून."

कनुभाईने टेबलावरचा एक कोरा कागद घेतला, त्यावर दोन जलेब्या काढून ठेवल्या, आणि पुडा पुन्हा नीट बांधला.

"तुम्ही पण मोढुं मीठुं करा, तोंड गोड करा. आणि बेन, त्या परत आल्या तर त्यांना सांगा, वाडीतला कनु विचारत होता. छोकरीचं नाव अजून ठेवलेलं नाही म्हणावं."

"सांगते," वसुंधरा म्हणाली.